चौदा तळहात आणि लाल डबा

आमचा म्हातारा गेला तो भर नाचात. हळहळू नका, म्हातारा म्हणजे आमचा स्पीकर. चाकांवरचा, दांडी धरून बॅगेसारखा ओढत न्यायचा. नऊ वर्षं रोज संध्याकाळी नदीकाठच्या चौकात त्याने आम्हा पंधरा जणींना नाचवलं. त्या दिवशी तिसरं गाणं चालू होतं, हात वर, गिरकी, आणि एकदम खर्र करून गप्प! चौदा जणी जागच्या जागी थांबल्या. पंधरावी थांबली नाही. मिंगयूताई आपली पाठमोरी, एक पाऊल, दोन पावलं, टाळी, गिरकी.

मीही झटकन तिच्याबरोबर टाळी वाजवली, गिरकी घेतली आणि ओरडले, "अर्धवट काय सोडता गं? तो मेला म्हणून आपणही मेलो का? पुरं करा!" बाकीच्या हसल्या आणि ते कडवं सगळ्यांनी बिनगाण्याचंच पुरं केलं. वेळ निभावली.

कारण असं, की मिंगयूताईला ऐकू येत नाही. तशी शाबूत कानांची आमच्यात एकही नाही. रेशमाच्या गिरणीत विणाई खात्यात तीस-तीस वर्षं काढलेल्या आम्ही, कुणाचा एक कान गेलाय, कुणाचे दोन्ही अर्धे-अर्धे. पण मिंगयूताईचे दोन हिवाळ्यांपूर्वी पार गेले. मला कळलं ते असं, की मी तिचं दार बडवतेय, बडवतेय, हात दुखायला लागले, आणि खिडकीतून बघते तर ही बाई पाठ करून निवांत शेंगा सोलतेय. शेवटी वळली, मला बघून हसली, म्हणाली, "आत्ताच आलीस, सूहुआ?" मी म्हटलं, "हो, आत्ताच." त्यावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

इतरांना कळायचं कारणच नव्हतं. ओठ वाचण्यात आम्ही सगळ्याच पटाईत. विणाई खात्यात कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, मग बोलायचं ते बिनआवाजी, ओठ मोठे मोठे हलवून. चार माग पलीकडच्या बाईशी सासूची उणीदुणी काढायची ती नुसत्या तोंडाने, आणि ती पलीकडून हसून हसून वाकायची. गिरणी बंद पडली, सवय राहिली. आमची पोरंही त्यातच वाढली. मिंगयूताईच्या माओमाओने तर पहिला शब्द उच्चारला तोच आवाजाशिवाय. नुसतं तोंड उघडून 'आई' म्हणायचा आणि तिची सासू महिनाभर रडत होती, पोर मुकं निघालं म्हणून.

तो माओमाओ आता सेहेचाळीस वर्षांचा लीछुआन झालाय. छेंगदूला मोठा साहेब आहे, सव्वीसाव्या मजल्यावर राहतो. पोरगा वाईट नाही हो, काळजीच फार. गेल्या नववर्षाला आला तेव्हा माझ्यासमोर म्हणाला, "मावशी, आईचे कान गेले असं ज्या दिवशी मला कळेल, त्याच दिवशी गाडीत घालून घेऊन जाणार. एकटीला इथे ठेवायची नाही." मिंगयूताई मागे एकदा अकरा दिवस राहून आली होती तिकडे. आल्यावर मला एवढंच म्हणाली, "तिथे लिफ्टमध्ये कुणाचे ओठच हलत नाहीत गं." अकरा दिवसांत गालफडं बसली होती बाईची. पुन्हा गेली तर टिकायची नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

म्हणून नवा स्पीकर कसा हवा हे फक्त मला माहीत होतं. प्रत्येक नाचाआधी मिंगयूताई म्हाताऱ्यावर तळहात ठेवायची, आणि नाचायची ती त्याला अगदी खेटून. म्हातारा तर गदागदा हलायचा. मी ताडलं होतं, बाई तालच पकडते त्या हलण्यातून. तेव्हा नवा कसाही असो, हलणारा पाहिजे. आणि हे कुणालाही न सांगता मला तेरा बायकांच्या गळी उतरवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौदा जणी विजेच्या सामानाच्या गल्लीत फेंगच्या दुकानावर थडकलो. मिंगयूताईला चौकात ठेवलं होतं जागा धरायला. झाडाखालचा तो कोपरा क्षणभर रिकामा दिसला तर पलीकडच्या निवृत्त शिक्षिकांचा गट तिथे छत्र्या मांडून बसतो.

फेंगने दोन स्पीकर पुढे ओढले. एक काळा, सोळाशे युआनचा, दिसायला अगदी सुतकी. दुसरा लाल, साडेसहाशेचा, त्याला भोवती रंगीत दिवे, सोबत दोन माइक फुकट. त्याने मोबाइलवरून गाणं लावलं आणि कौतुकाने म्हणाला, "ऐका ताई, ऐका."

कोण ऐकतंय? चौदा जणी पुढे सरसावल्या आणि चौदा तळहात त्या पेट्यांवर टेकले. कुणी वर, कुणी कुशीला, कुणी वाकून पार बुडाशी. फेंग बघतच राहिला.

"अहो ताई, स्पीकर कानाने बघतात!"

"ज्याला आहेत त्याने बघावा," मी म्हटलं. "आम्ही यंत्र हाताने बघतो."

आणि ते खरंच आहे. विणाई खात्यात माग बिघडला की कानाला कळत नाही, हाताला कळतं. आमच्या ओळीची जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारी, होती मिंगयूताई. मागाच्या चौकटीवर हात ठेवून सांगायची, खालचा तिसरा नट ढिला आहे. हे तिनेच आम्हाला शिकवलं. चांगला माग हलत नाही, ताकद सगळी कामात जाते. हलतो तो खिळखिळा.

काळ्या पेटीवर हात ठेवला तर आत गाणं जोरात आणि पेटी आपली गार, स्थिर. जाड लाकूड, पक्के जोड, आत एक फळी सैल नाही. लालवर हात ठेवला आणि माझे दात वाजले. दिवे वाजत होते, दांडी वाजत होती, मागचं झाकण वाजत होतं. एवढा भंगार माल मी आयुष्यात हाताळला नव्हता.

"हाच घ्यायचा," मी म्हटलं.

छाईछिन माझ्याकडे डोळे फाडून बघायला लागली. ही छाईछिन गिरणीत कापड तपासायची. आमच्या ताग्यांतल्या चुका शोधून खडूने गोल काढणं हाच हिचा धंदा, आणि चाळीस वर्षं झाली तरी हिची ती खोड गेलेली नाही. "सूहुआ, बरी आहेस ना? हा हलतोय!"

"मग? स्पीकरने हलायचं नाही तर काय करायचं? माग वेगळा, स्पीकर वेगळा. आवाज म्हणजेच हलणं. हा काळा बघ, मेल्यासारखा बसलाय. आत जीव आहे का याच्यात?"

फेंगला हसू आवरेना. "ताई, खरं सांगू का, काळा..."

"तू मधे बोलू नकोस," मी त्याला दटावलं. गिऱ्हाईकाला महाग माल गळ्यात मारू पाहणारा दुकानदार म्हणून त्या बिचाऱ्याकडे सगळ्यांनी असं काही बघितलं की तो गप्प बसला. त्याच्या आयुष्यातला तो बहुधा एकुलता एक प्रामाणिक सल्ला असेल, आणि तो मी दाबला. शिवाय उरलेल्या पैशांत तिखट रश्शाची पंगत करू म्हटल्यावर बारा जणी लगेच माझ्या बाजूला आल्या. छाईछिनने मात्र फेंगकडून बिलाच्या मागे लिहून घेतलं, पटला नाही तर सात दिवसांत परत.

पुढचे सहा दिवस काय सांगू! लाल डबा चौकात लावला की नदीवरचे बगळे उठायचे. गाणाऱ्या बाईचा गळा त्यातून यायचा तो घसा बसल्यासारखा, आणि ढोल तर नुसता एक सलग घुंग. पलीकडच्या शिक्षिकांची पुढारीण आमच्याकडे बघत बघत दोन्ही कानांत कापूस घालायची, तोही सावकाश, दिसेल असा. पहिल्या दिवशी मिंगयूताईने डब्यावर हात ठेवला, माझ्याकडे एकदा बघितलं, "छान आहे" म्हणाली, आणि पहिल्याच कडव्यात चुकली.

मी मनात म्हटलं, नवीन आहे, होईल सवय. दुसऱ्या दिवशी दोनदा चुकली. चौथ्या दिवशी आम्ही उजवीकडे, ती डावीकडे. मला काही समजेना. मेला इतका हलतोय, आणखी किती हलायला हवा?

त्यात छाईछिनने घात केला. डबा किती वाईट आहे याचा पुरावा म्हणून तिने नाचाचा व्हिडिओ काढला आणि गिरणीच्या जुन्या लोकांच्या मोबाइलवरच्या गटात टाकला. तिथून तो पोराबाळांकडे गेला, आणि छेंगदूला लीछुआनने पाहिला. आवाजाचं त्याला काय पडलंय? त्याने पाहिलं ते एवढंच, चौदा बायका उजवीकडे वळताहेत आणि आपली आई डावीकडे.

सातव्या संध्याकाळी मी चौकात आले तर लीछुआन झाडाच्या पारावर बसलेला. गाडी पलीकडे लावलेली, मागचं दार उघडं, आत नवीकोरी रिकामी बॅग. मिंगयूताई त्याला शेंगदाणे खायला घालत होती आणि एकटक त्याच्या तोंडाकडे बघत होती. बघणाऱ्याला वाटावं, काय माया!

"सहज आलो, मावशी," तो म्हणाला. "आईचा नाच बघायला."

तेवढ्यात छाईछिन आली. मागे घाम पुसत फेंग, काळा स्पीकर ओढत. तिने चौकाच्या मधोमध तो उभा करवला, शेजारी लाल डबा ठेवला आणि कमरेवर हात देऊन म्हणाली, "आज शेवटचा दिवस. आठ वाजता दुकान बंद. दोन्ही लावायचे, सगळ्यांनी ऐकायचं, आणि सूहुआचा हा कचरा परत करायचा."

"नाही करायचा!"

"का नाही?"

"मी म्हणते म्हणून!"

"वा गं वा! सोळाशेच्या जागी साडेसहाशेचा भंगार उचललास तो का, हे एकदा कळू दे तरी. फेंगने काही चारलं का तुला?"

हे मात्र माझ्या जिव्हारी लागलं. तीस वर्षं मी एक रेशमाची गुंडी घरी नेली नाही, आणि ही मला असं म्हणते? लीछुआन दहा पावलांवर. बोलायची सोय नाही. डोकं तर सणकलेलं. मग आयुष्यभर जे केलं तेच केलं, आवाज गिळला आणि ओठ हलवले, मोठे मोठे, स्पष्ट.

"अगं कर्मदरिद्री, तिला ऐकू येत नाही! ठार बहिरी झालीय ती दोन वर्षं! डबा हलतो, त्यावर ती ताल धरते, म्हणून घेतला! पोराला कळलं तर आज घेऊन जाईल तिला!"

छाईछिनचं तोंड उघडंच राहिलं. मग तीही ओठांनीच म्हणाली, "मग मला सांगायचं नाही? मी काय वैरीण आहे?"

मला हायसं वाटलं, साधारण दोन श्वासांपुरतं. मग लक्षात आलं, की चौक फारच शांत आहे. मी मान वळवली. बाराच्या बारा जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. गिरणीतल्या बायकांमध्ये उभं राहून मी बिनआवाजी गुपित सांगितलं होतं! यापेक्षा भोंगा घेऊन ओरडले असते तर निदान निम्म्या जणींना ऐकू आलं नसतं.

आणि बारा जणींच्या पुढे, तीन पावलांवर, पोराकडे पाठ करून मिंगयूताई उभी होती. तिनेही सगळं वाचलं होतं.

"तुला माहीत होतं?" तिचे ओठ हलले.

"हो."

"दोन वर्षं?"

"हो, ताई."

मला वाटलं आता रडेल. पण जॉबर होती ती, चिडली. "आणि माझ्यासाठी हा खिळखिळा डबा आणलास? मी तुला हेच शिकवलं? अगं हा हलत नाही, याला हुडहुडी भरलीय! यात ताल कुठे शोधायचा मी?"

"पण तू म्हाताऱ्यावर हात ठेवायचीस..."

"त्याची तब्येत बघायला! ताल मी पायांनी घ्यायची. त्याच्या मागच्या भोकातून वारा यायचा, ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला एक झोत. पोटऱ्यांवर लागायचा."

नऊ वर्षं मी त्या भोकाच्या शेजारी नाचले आणि मला वाटायचं, बाई म्हाताऱ्याला खेटते त्यात थोडी माझी मायाही आहे.

"मावशी," पारावरून लीछुआनने हाक मारली, "तुम्हा सगळ्यांना एकदम दम लागलाय का?"

त्याला काय दिसत असेल याचा विचार करा. पंधरा म्हाताऱ्या गोल करून उभ्या आणि पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखी तोंडं उघडमीट करताहेत. "हो रे बाबा, उकडतंय फार," मी म्हटलं.

तो उठला. हळूहळू चालत आईच्या मागे आला, अगदी दोन हातांवर. तिला कळलं नाही. आणि त्याने विचारलं, मुद्दाम हळू आवाजात, "आई, या दोघांतला चांगला कुठला?"

आणि मग जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. चौदा जणींचे ओठ एकदम हलले, मला धरून. एकीनेही आवाज काढला नाही. 'तो मागे आहे. विचारतोय, दोघांतला चांगला कुठला?' छाईछिनने तर इतका आ वासला की तिची कवळी दिसली.

मिंगयूताई शांतपणे वळली. "थांब की जरा," पोराला म्हणाली, "ऐकल्याशिवाय कसं सांगू?"

फेंगने लाल लावला. तिने मागे जाऊन भोकापुढे चार बोटांवर तळहात धरला आणि डोळे मिटले. मग काळा लावला. पुन्हा तळहात. मग चपला काढून, विजारीचे पाय वर दुमडून त्याच्या मागे उभी राहिली. अख्खं कडवं. फेंग मान वाकडी करून बघत होता, पण आमच्यासारखी गिऱ्हाइकं पाहिल्यावर काही विचारायचं नाही, एवढं तो शिकला होता.

"काळा घ्या," ती म्हणाली. आवाज जरा मोठाच, पण आमच्यात सगळ्यांचाच तसा. "यात ढोल येतो, टेकतो, आणि जातो. दुसरा यायच्या आत जागा रिकामी होते. लालमध्ये पहिला उठायचं नावच घेत नाही, तोवर दुसरा येऊन त्याच्या मांडीवर बसतो. पेटीच हलते, वारा बाहेर येतच नाही. साडेसहाशेलाही महाग आहे तो. आणि हा सोळाशे सांगतोय, पण याच्या मागच्या कोपऱ्याला टवका उडालाय. चौदाशे द्या."

फेंगने टवका पाहिला, कपाळाला हात लावला आणि चौदाशे घेतले. आमच्या रश्शाच्या पंगतीवर पाणी पडलं.

लीछुआन म्हणजे गळ्यात हजारोंचे हेडफोन अडकवून फिरणारा माणूस, पण खाली वाकला आणि आपणही त्या भोकापुढे तळहात धरून बघितला, बराच वेळ. मग पारावर जाऊन बसला. आम्ही पाच गाणी नाचलो. मिंगयूताई एकदासुद्धा चुकली नाही. उलट गिरकीत मीच चुकले, कारण माझं सगळं लक्ष त्याच्याकडे. आणि तो आईच्या पायांकडे बघतच नव्हता. तो आमची तोंडं बघत होता, एकेक करून.

सकाळी तो निघाला तेव्हा मी मुळ्याच्या लोणच्याची बरणी घेऊन गेले. खरं म्हणजे गाडीत कोण बसतंय ते बघायला गेले. मिंगयूताई दारात उभी होती, घरातल्या चपला, हातात भाताची वाटी. तो एकटाच बसला होता. मागच्या सीटवर ती बॅग, अजून रिकामी. मी बरणी आत दिली, त्याने काच वर घेतली. मला वाटलं, सुटलो, पोराला काही कळलं नाही.

गाडी सुरू झाली आणि तो माझ्याकडे वळला. बंद काचेमागून त्याचे ओठ हलले. मोठे, स्पष्ट, खणखणीत विणाई खात्यातले, अगदी त्याच्या आईच्या धाटणीचे.

"मावशी, पुढच्या वेळी एकीनेच सांगा तिला. चौदा जणी एकदम म्हणजे फार होतं."

महिनाभर मुका समजलेला माओमाओ! हा आमच्याच पदराखाली बोलायला शिकला, आणि हे मी विसरले कशी?

त्याने डोळे पुसले, मनगटाने, लहानपणी पुसायचा तसेच. मग पुन्हा ओठ हलले. "पहिल्या रांगेतच ठेवा. काळ्याच्या मागे."

मी नुसती मान हलवली, इतक्यांदा, की मानेतून कळ आली. गाडी पुलाच्या वळणाला गेली.

मिंगयूताई जवळ आली. लांबून तिला त्याची पाठच दिसली होती. "काय म्हणाला गं?" तिने विचारलं.

"लोणच्यात तिखट कमी आहे म्हणाला," मी सांगितलं.

"न खाताच?" ती म्हणाली, आणि माझ्या ओठांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग वाटी माझ्या हातात दिली आणि संध्याकाळी काळ्याला न्यायला कोण येतंय ते विचारायला लागली.